क्रेन थांबवणारे हात

रामाजींनी हात आडवे केले की क्रेन थांबायची. भिलाईच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात खलाशी, म्हणजे क्रेनला खालून इशारे देणारा माणूस, म्हणून काढली. वर केबिनमध्ये ऑपरेटर, खाली रामाजी आणि मधे लटकलेला लोखंडाचा लोड. त्या खडखडाटात बोंबलून काय उपयोग? सगळा कारभार हातांचा. दोन्ही हात पसरले की असशील तिथं थांब, मग वर कोणीही लाटसाहेब बसलेला असो. रिटायर झाल्यावर ही ऐट दाखवायला एक नात तेवढी उरली होती. नऊ वर्षांची उन्नती अंगणात क्रेन व्हायची, घूंऽऽ करत धावत यायची आणि आबाजींचे हात पसरले की जागच्या जागी खिळायची. "मी हात केला अन् कोनी थांबलं नाही, असं झालंच नाही," म्हातारा फुशारकी मारायचा, आणि पोरगी ते खरं मानायची.

दुर्गला मेळा लागला, तेव्हा सुनेनं, सुजातानं, उन्नतीचा दम्याचा पंप हातात देऊन बजावलं होतं. "मामाजी, फिरवून आना, पन झुल्या-बिल्यावर बसवू नका तिले." रामाजींनी पंप खिशात टाकला, मान डोलावली. पण उन्नती त्या मोठ्या गोल पिंपापुढं जी अडून बसली, ती हलेचना. आत भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. पिंप गरगर फिरतं, पायाखालची फळी खाली सरकते, तरी माणूस भिंतीलाच चिकटलेला. माइकवाला ओरडत होता, "तीन गुना वजन! हर आदमी तीन गुना भारी!" असू दे भारी, रामाजींना वाटलं, पोरीला काय कोणी उचलून न्यायचंय?

"जा, पर आईले सांगू नको," ते म्हणाले.

ते जिना चढून वर काठावर आले, तोवर पिंप फिरू लागलं होतं. पहिल्या फेऱ्यांत उन्नती खिदळत होती. मग वेग वाढला, फळी खाली गेली. सगळी पोरं किंचाळत होती. उन्नती मात्र गप्प. तिचा चेहरा समोरून जायचा, परत यायचा, आणि दर वेळी तोंड उघडंच. तिनं छातीकडे हात न्यायचा प्रयत्न केला, तो थोडा उचलला आणि परत भिंतीला जाऊन चिकटला.

रामाजी काठावरून वाकले. अरे देवा, हातापायाचं वजन वाढतं तसं छातीचंही वाढणारच की! तो भार ढकलून एकेक श्वास आत ओढायचा. धडधाकट पोरांची ती मजा होती. हिला तर अंगणात धावून दम लागायचा. आणि पंप यांच्या खिशात!

ऑपरेटर बरोबर समोरच्या काठावर, केबिनमध्ये बसला होता. रामाजी ओरडले, पण गाण्याच्या दणदणाटात त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. माणसांची ही गर्दी, पाऊल सरकेना. मग त्यांनी पाय रोवले आणि दोन्ही हात आडवे पसरले, तळवे खाली, अगदी कारखान्यातल्यासारखे.

ऑपरेटरनं पाहिलं. नजरेला नजर भिडली. तो हसला, त्यानंही हात पसरले आणि गाण्यावर खांदे उडवले.

"चाचा मूड में हैं!" तो माइकवर ओरडला. "थोडा और तेज!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. "थांबव ना रे मुडद्या!" म्हणत रामाजी रडकुंडीला आले. हात मात्र त्यांनी खाली घेतले नाहीत. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

फेरी संपली तेव्हाच पिंप थांबलं. उन्नतीचे ओठ निळे पडले होते. त्यांनी पंप मारला, पुन्हा मारला, आणि शेंगदाणेवाल्याच्या गाडीमागं तिला मांडीवर घेऊन बसले. बऱ्याच वेळानं तिच्या गालांवर रंग आला.

"आबाजी, श्वास बाहेर जाये, पन अंदर येतच नव्हता."

"हो वं माय. आता बोलू नको."

"तुमचे हात दिसले मले. मंग मी घाबरली नाही. आता थांबते, आता थांबते म्हनून वाट पाहून राह्यली होती."

रामाजी तिची पाठ चोळत राहिले.

"कावून नाही थांबलं, आबाजी?"

त्यांनी पंप तिच्या मुठीत दिला. आईला सांगू नको, एवढंसुद्धा त्यांना पुन्हा म्हणवलं नाही.