पऱ्हाटीचा भुसा

बायकांची तोंडं बंद ठेवायला गावाकडे पुष्कळ रिवाज आहेत. त्यातला एक बोरी अरब गावच्या बेबीताईने वीस वर्षं पाळला: थोरल्या दिराशी बोलायचं नाही. किसनराव तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि गावाचे सरपंचही. ते आले की तिने पदर डोक्यावर घ्यायचा आणि सांगायचं ते तिसऱ्याला, नाहीतर भिंतीला. भिंतीने आजवर बरंच ऐकून घेतलं होतं.

दोन हजार सहा साली कापसाचा भाव असा पडला, की नुसत्या वावराच्या भरवशावर राहण्यात अर्थ उरला नाही. बेबीताईने नाल्याकाठी टिनाचं शेड टाकलं, तांड्यावरची रुपीबाई आणि आणखी चौघी हाताशी घेतल्या आणि सूत रंगवायला सुरुवात केली. सूत लालचुटूक निघायचं. पण नालाही लालच व्हायचा, आणि खालच्या अंगाला जनावरं पाणी प्यायची. ग्रामसभेने ठराव केला, पाणी स्वच्छ करून दाखवा, नाहीतर शेडला कुलूप. तक्रार खोटी नव्हती. बेबीताईला राग आला तो याचा, की तिला हे जमेल असं एकालाही वाटत नव्हतं.

उपाय तिला सरपणात सापडला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या ढिगावर एकदा रंगाची बादली लवंडली. काड्या लाल झाल्या आणि खाली गळालं ते पाणी फिकट. दारव्ह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आभा मॅडमना तिने विचारलं. त्या म्हणाल्या, पऱ्हाटी रंग धरते, बारीक कुटली तर जास्त धरते, आणि आंबट पाण्यात धरलेला रंग सोडत नाही. मग बेबीताई भुसा कुटून, चिंचेच्या पाण्यात भिजवून ड्रममध्ये भरू लागली. वरून रंगाचं पाणी सोडायचं, खालच्या तोटीतून नितळ घ्यायचं. पंधरा दिवस झकास चाललं.

पाणी दाखवायच्या ठरल्या दिवशी सकाळी किसनराव चार पंच आणि कुलूप घेऊन आले. बेबीताईने तोटी सोडली. पाणी आलं ते लालभडक.

कोणीतरी फिसकन हसलं. किसनराव रुपीबाईला म्हणाले, "सांग त्यायले, हौस फिटली असन तं बाहीर निघा मनावं."

बेबीताईने ड्रममध्ये हात घातला. भुसा बोटांना बुळबुळीत लागला.

"रुपीबाई, याले काय केलं?"

"पाव्हणे येणार मनून ड्रम राखेनं घासला, बाई. भुसाबी राखेच्या पाण्यानं धुतला, भांड्यावानी." रुपीबाई रडवेली झाली. "मले वाटलं, साफ दिसन."

राखेने सगळा आंबटपणा खाल्ला होता. पाहुणे यायचे म्हटल्यावर घराघरात राखेनेच घासतात. बेबीताईनेही तेच केलं असतं. किसनरावांनी कुलूप कडीत अडकवायला हात पुढे केला, तशी ती दारात आडवी उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने ओढून कमरेला खोचला.

"भाऊजी," ती त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "चूक आमची झाली. दुसरा भुसा भरून दाखवतो. तवर कुलूप लागणार नाही."

पंच एकमेकांकडे पाहू लागले. सून भासऱ्याशी बोलली म्हटल्यावर पाणी राहिलं बाजूला.

किसनराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "घरच्या बाईनं रीत सोडू नये."

"भिंतीले कायले सांगता, मले सांगा. कुलूप पाण्यासाठी आणलं, का मी बोलतो मनून लावून राह्यले?"

किसनराव कुलूप मांडीवर घेऊन शेडबाहेरच्या खाटेवर बसले.

बायांनी ड्रम चिंचेच्या पाण्याने खळबळून काढला, चिंचेत भिजवलेला नवा भुसा भरला, तेच लाल पाणी वरून ओतलं. तोटीतून पाणी यायला दुपार झाली. किंचित पिवळसर होतं, पण लालीचा मागमूस नव्हता. किसनरावांनी ते ओंजळीत धरून उन्हात निरखलं.

"रुपीबाई, सांग त्यायले," ते म्हणाले, "महिनाभर पाहू मनावं."

"रुपीबाईले काम आहे," बेबीताई म्हणाली.

किसनराव पहिल्यांदाच तिच्याकडे वळून म्हणाले, "महिनाभर पाहीन मी."

"पाहा ना," ती म्हणाली, आणि बायांना पुढचा रंग चुलीवर चढवायला सांगितलं.