एका बटणाचा बटवा

घरात त्याला सगळे खटपट्या म्हणत, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते नाव आवडायचं. छापखान्यात पानं जुळवायचं त्याचं काम. पान केसभर सरकलं तरी लांबून ओळखणारा माणूस. पण घरी आला की त्याचे हात शिवशिवायला लागायचे. चांगला चालणारा पंखा उतरवून बघ, न बिघडलेल्या नळाचा वायसर बदल, असे त्याचे उद्योग. वडील म्हणायचे, "याला बिघडलेलं काही सापडलं नाही, तर हा आधी बिघडवेल आणि मग दुरुस्त करेल." हे ते हसून म्हणायचे, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

वडील इस्पितळातून घरी आले आणि या हातांना खरं काम मिळालं. त्यांच्या हृदयाचे ठोके बेताल पडायचे. ते आवरायला सकाळी एक गोळी होती. डॉक्टरांनी घरी सोडताना तिघांना समोर बसवून बजावलं होतं, "ही गोळी दिवसातून एकदाच. चुकून दुसरी गेली तर ठोके इतके मंदावतील की आमच्याही हातात काही राहणार नाही." दुपारची गोळी वेगळी, रात्रीची वेगळी. द्यायची आईने, आणि आईच्या डोळ्यांपुढे तर कायमचं धुकं. मग खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींनी तीन कापडी बटवे शिवून दिले. सकाळच्या बटव्यावर एक बटण, दुपारच्यावर दोन, रात्रीच्यावर तीन. बोटांनी चाचपायचं आणि द्यायचं.

आणि वेळ सांगायला खटपट्याने वडिलांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला बोलायला शिकवलं. वेळ झाली की एक बायकी आवाज म्हणायचा, "एक बटण." आईने गोळी देऊन कीबोर्डवरची लांब पट्टी दाबेपर्यंत तो आवाज थांबत नसे. पट्टी दाबली की खटपट्याच्या फोनवर निरोप यायचा, "एक बटण: दिली." आई त्या आवाजाला 'ती' म्हणायची. "ती बोलली का रे? तिचं ऐकून घेते आणि मग आंघोळीला जाते." घरात सून आल्यासारखं चाललं होतं.

इथवर सगळं छान होतं. इथेच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

कॉम्प्युटर जुना होता, विंडोज उघडता उघडता धापा टाकायचा. छापखान्यातल्या कुणीतरी पेनड्राइव्हवर लिनक्स दिलं, विंडोजच्या जागी चालणारं, हलकं. खटपट्याने डिस्कची वाटणी केली, अर्ध्या भागात लिनक्स बसवलं, अर्ध्यात जुनं विंडोज राहू दिलं, कारण 'ती' तिथे राहत होती. एका घरात दोन बिऱ्हाडं. मशीन सुरू करताना कोणाच्या दारातून आत जायचं ते विचारणारी यादी दिसायला हवी होती. ती दिसेचना. मशीन गुमान विंडोजमध्ये शिरायचं. त्याने आतल्या सेटिंगमध्ये जाऊन कुलूपबंदी काढली, क्रम बदलला. यादी आली, पण लिनक्स निवडलं की काळा पडदा आणि त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहायची. तेही निस्तरलं. मग विंडोजच्या अपडेटने यादीच पुसून टाकली. तीही त्याने परत आणली, आणि रागाच्या भरात विंडोजच्या पाठीमागे चालणारी बारीकसारीक कामं एका दमात बंद करून टाकली. त्यातली निम्मी कशासाठी आहेत हे त्याने वाचलंसुद्धा नाही. मशीन खरोखरच हलकं झालं. खटपट्या खूश झाला.

फक्त घड्याळ तेवढं कुरकुरायला लागलं. लिनक्समधून परत विंडोजमध्ये आलं की कोपऱ्यातली वेळ कित्येक तास मागे गेलेली असायची. लिनक्समध्ये मात्र बरोबर. तो हाताने वेळ पुढे करायचा आणि कामाला लागायचा. पुन्हा तेच झालं तेव्हा तो म्हणाला, "सेल गेला असेल." मशीनच्या पोटात घड्याळासाठी बटणाएवढा सेल असतो, तो त्याने नवा घातला, जुना खिडकीतून भिरकावला आणि विषय संपला असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा आई दारातच उभी होती.

"अरे, आज दुपारी ती बोललीच नाही."

"बोलली असेल. तू पेंगत असशील."

"मी कशाला पेंगते? खाली मावशींचं मशीन थांबलं, त्या जेवायला बसल्या. म्हटलं वेळ झाली. दिली मी यांना दोन बटणांची."

खरं तर गोळी बरोबर वेळेवर गेली होती. पण खटपट्याच्या फोनवर निरोप आला नव्हता, म्हणजे त्याची व्यवस्था डावलली गेली होती, आणि त्याचं डोकं फिरलं. "शिलाई मशीन ऐकून औषधं देतात का? आई, तुला काल काय जेवलो ते आठवत नाही. उद्या एक बटण दोनदा देशील, मग? मनानं काही करायचं नाही. ती सांगेल तेव्हा द्यायचं, ती सांगेल तेच द्यायचं. तू चुकशील, ती चुकणार नाही."

आत वडील पलंगावरून म्हणाले, "अरे, हळू बोल जरा." त्याने आवाज खाली आणला, पण शब्द मागे घेतले नाहीत. मशीनपाशी जाऊन बघतो तर ते सकाळपासून लिनक्समध्येच राहिलेलं, म्हणून 'ती' गप्प; विंडोजमध्ये आणलं तर घड्याळ पुन्हा मागे. त्याने ते पुढे केलं. तरी निरोप न आल्याचं खापर त्याने इंटरनेटवर फोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'ती' वेळेवर बोलली. आईने गोळी दिली, पट्टी दाबली, खटपट्याने चहा पिता पिता फोनवर "एक बटण: दिली" वाचलं. ऊन छान पडलं होतं, निघायला अजून अवकाश होता. तेवढ्यात लिनक्समध्ये शिरून प्रिंटर चालतो का बघावं, असं त्याच्या मनात आलं. प्रिंटर चालला. घाईघाईने त्याने मशीन परत विंडोजमध्ये आणलं, चपला सरकवल्या आणि निघाला. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघायचं राहून गेलं.

छापखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. यंत्रं थांबली की तिथली शांतता कानाला टोचते. डबा उघडता उघडता फोन थरथरला. त्याने दोन बटणांचाच निरोप असणार म्हणून नुसती नजर टाकली.

"एक बटण: दिली."

सकाळचा निरोप आत्ता पोचला, असं त्याला वाटलं, कारण त्याच्यावर वेळही सकाळचीच होती. पण सकाळचा निरोप वर जागच्या जागी होता. दोन निरोप, दोन्हींवर तीच वेळ. त्याने डबा बाजूला सारला. भिंतीवरच्या घड्याळातून त्याने ती वेळ वजा केली. बरोबर तेवढेच तास, जेवढे तो रोज हाताने पुढे करत होता. मरत आलेला सेल घड्याळ कुठेही भरकटवतो. दर वेळी नेमकं तेवढंच मागे नेत नाही.

आणि मग त्याला ते लख्ख दिसलं. बिऱ्हाडं दोन, पण सामायिक भिंतीवरचं घड्याळ एकच. लिनक्स त्या घड्याळात साऱ्या जगाची म्हणून ठरलेली वेळ भरून ठेवतं आणि दाखवताना इथली करून दाखवतं. विंडोज तेच घड्याळ बघतं आणि जे दिसेल ते इथलंच समजतं. ही चूक कधीमधी सुधारणारं एक बारीकसं काम विंडोजच्या पाठीमागे चालू असतं. ते त्याने स्वतः बंद केलं होतं. मागे गेलेल्या घड्याळात आज पुन्हा सकाळ झाली होती, आणि 'ती' पुन्हा बोलली होती.

घरचा फोन वाजत राहिला. वडिलांची झोपमोड नको म्हणून आई तो स्वयंपाकघरात ठेवायची. त्याने मावशींना फोन लावला.

"मावशी, वर पळा. बाबांना बघा. आधी पळा, मग विचारा!"

जिन्यावरची त्यांची धाप त्याला ऐकू आली, दार वाजवलेलं ऐकू आलं. मग मावशींचा आवाज एकदम बारीक झाला. "झोपलेत रे. हाक मारली तर डोळे उघडतात, पण परत मिटतात. हात गार पडलेत." मागे आई विचारत होती, "काय झालं? कुणाचा फोन आहे?" आणि तिच्याही मागे, अगदी स्वच्छ, न थकणारा कॉम्प्युटर घरघरत होता.

त्याने बोलावलेली रुग्णवाहिका तो निघेपर्यंत घरी पोचली होती. तो थेट इस्पितळात गेला. वडिलांना आत नेलं होतं. आई बाकावर बसली होती, पदरात तीन बटवे घट्ट धरून. मावशी शेजारी होत्या. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली.

"गोळी किती वाजता दिली? नक्की सांगा, त्यावर पुढचं ठरेल."

खटपट्याने फोन पुढे केला आणि तसाच मागे घेतला. त्यावरची वेळ खोटी होती. आईच बोलली, "खाली मशीन थांबलं, त्यानंतर लगेच." मावशींनी वेळ सांगितली.

"आणि सकाळी? एकूण किती गेल्या?"

आईने तोंड खटपट्याच्या दिशेने वळवलं. "एकच ना रे? मला वाटत होतं सकाळी दिली म्हणून. यांच्या हातून पेला सांडला, मी लादी पुसली. दुपारी शिलाई थांबली तेव्हा मी दोन बटणांचा बटवा हातात घेऊन बसले होते. ती म्हणाली, एक. मी तिला म्हटलंसुद्धा, अगं, दिली की. पण ती थांबेचना. मग म्हटलं, तो सांडलेला पेला कालचा असेल. माझं काय, मला कुठे आठवतं." तिने डॉक्टरणीकडे मान वळवली. "मी मनानं काही केलं नाही हो."

"दोन गेल्या," खटपट्या म्हणाला. "पेला आजचाच होता, आई. तुला बरोबर आठवत होतं."

डॉक्टरीण लगबगीने आत गेली. आई रडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त एका बटणाच्या बटव्यावरून अंगठा फिरवत राहिली.

खिडकीतलं ऊन उतरलं. मावशी घरी कुलूप लावायला गेल्या. मध्ये एकदा डॉक्टरीण येऊन म्हणाली, "आहेत. पण मी अजून काही सांगणार नाही." तेवढंच. मग खटपट्याच्या खिशात फोन थरथरला. रिकाम्या खोलीत 'ती' बोलबोल बोलली होती, कुणी पट्टी दाबली नव्हती.

"दोन बटणं: दिली नाही."

"काय म्हणते ती?" आईने विचारलं.

"काही नाही."

"आता तरी खरं बोल. वेळ झाली का कसली?"

त्याने फोन बंद केला. "ती काहीही म्हणू दे. तू सांग, आई. तुला काय वाटतं?"

आईने मान जरा कलती केली, जशी ती घरी खालच्या मजल्याचा कानोसा घ्यायची. आतल्या बाजूला कुठेतरी एक यंत्र टिकटिकत होतं, थांबत होतं, पुन्हा टिकटिकत होतं. तिने बराच वेळ ऐकलं आणि त्याचं मनगट धरलं.

"इथलं मला काही कळत नाही रे," ती म्हणाली. "हे थांबलं म्हणजे काय समजायचं?"