कौतिकची घागर

“आता जे सांगणार आहे ना, ते अख्ख्या भडगावात एक माणूस खरं मानायचा नाही. लावा पैज!”

तोताराम आबांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि हॉटेलाच्या बाकावर मांडी ठोकली. ऐकणारे सरसावले. खरं ऐकायला आबांकडे कोणी येतच नसे. गिरणेच्या पुरात मगरीला बिडी पाजून तिच्याच पाठीवरून पैलतीर गाठलेला हा माणूस. त्याच्याकडे खरं मागणं म्हणजे बाभळीला केळी मागणं. शेजारी त्यांची बायको धुरपदाबाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. एरवी आबांची टकळी सुरू झाली की ती उठून चालू लागायची. आज उठली नाही.

गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. गावाबाहेर केळी पिकवायचं एक बंद पडलेलं गोदाम होतं. एकच दार, खिडकी नाही, वाऱ्याला शिरायला फट नाही. त्यात धूम्रनाथ महाराज येऊन बसले आणि महिन्याभरात दारापुढे जत्रा उसळली. धरणगावहून गाड्या, दीपनगरहून गाड्या, उसाचा रस, पत्र्याचा मांडव. लोक आत जायचे ते तुमच्या-आमच्यासारखे, आणि बाहेर यायचे ते डोळे लाल, ओठ कोरडे, कोणी हसतोय, कोणी भिंतीला कवटाळून रडतोय. “आई दिसली!” “बाप बोलला!” जिथं कच्ची केळी पिवळी व्हायला दिवस लागायचे, तिथं कच्ची माणसं बसल्या बैठकीला पिकत होती.

महाराज निखाऱ्यांच्या घमेल्यात चिमूटभर सुका पाला टाकत. भक्तानं वाकून खोल श्वास घ्यायचा की पितर हजर. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांसाठी निखाऱ्यावर तूप-घास टाकतात, ती आगारी घराघरांत ठाऊक. महाराजांनी नेमकी तीच उचलली होती.

“गांजा नाही, भांग नाही, अफू नाही!” ते गरजत. “हा हिमालयातला पितरपाला! न्या, तपासा! सरकारी तपासणीत कोरा निघेल! विज्ञान जिथं धापा टाकतं, तिथं आमचा धूर पळत सुटतो!”

लोक माना डोलावत. आबांची मान तेवढी हलली नाही. चोराची पावलं चोरच जाणे. गांजा आहे का, असं कोणी विचारलेलंच नसताना हा गडी आधीच ‘नाही नाही’ का करतो? आणि दुसरं. दारात कूलर, कूलरपुढे महाराज, महाराजांपुढे घमेलं, घमेल्यापलीकडे भक्त. बाहेरची ताजी हवा महाराजांच्या पाठीवर, धूर भक्तांच्या नाकात. पितर म्हणे सगळ्यांना भेटतात. मग महाराजांचे पितर काय कूलरच्या टाकीत राहतात?

तिसरी गोष्ट तर फारच सोयीची होती. एकाला धुरानं काहीच व्हायचं नाही, दुसरा गडबडा लोळायचा. काही झालं नाही तर महाराज म्हणत, “पितर रुसले.” लोळला तर, “पितर झुंजले.” म्हणजे छापा पडला तरी महाराज जिंकले, काटा पडला तरी महाराजच.

मग शेजारचा हिलाल झुंजला. कापसाची गाठ एकट्यानं फिरवणारा पैलवान गडी. त्याला बाहेर आणला तेव्हा तोंडाला फेस, हातपाय ताठ, छाती अशी धडधडत होती की सदरा हलताना दिसत होता. भक्त टाळ्या वाजवत होते. आबांनी त्याला रिक्षात घातला आणि सरकारी दवाखाना गाठला.

तिथं डॉक्टर होती माहेनूर, गाद्या भरणाऱ्या अन्वरभाईंची मुलगी. तिनं हिलालला सलाईन लावलं, झटके थांबवले, लघवी तपासली.

“गांजा?” आबांनी विचारलं.

“तपासणी कोरी आहे.”

“मग महाराज खरा म्हणायचा!”

“तिथंच तर फसगत आहे, आबा.” हिलालच्या खिशात सापडलेली चिमूट तिनं कागदावर पसरली. “हा कुठलाही पाला असू शकतो. पाल्यात काही नाही, जे आहे ते त्याच्यावर फवारलंय. प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन. गांजा मेंदूतल्या ज्या कड्या वाजवतो, त्याच कड्यांवर हे हातोडा घालतं. आमची नेहमीची तपासणी गांजा ओळखते, ह्याला नाही. पकडलं गेलं की बनवणारे त्याचा साचा थोडा बदलतात, की पुन्हा कोरं.”

“आणि कोणाला चढतं, कोणाला नाही, ते कसं?”

“कपाशीवर फवारा मारताना पंप नीट फिरला नाही तर काय होतं? एक झाड न्हातं, एक कोरडं राहतं. तसंच. एका चिमटीत काही नाही, दुसरीत दहा माणसांचं. नसलेलं दिसतं, भीती बसते, ओकाऱ्या, झटके. काहींची किडनी जाते, काहींचं हृदय बंद पडतं. पोलिसांमार्फत हे मोठ्या प्रयोगशाळेत पाठवते. पण अहवालाला वेळ लागेल.”

वेळच नव्हता. आखाजी चार दिवसांवर आली होती, आणि गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्यानं भरून पुजायची नवी घागर धुरपदाबाईनं आणली होती. मोहिनीसाठी. त्यांची एकुलती एक मुलगी आधीच्या पावसाळ्यात काविळीनं गेली. पहिली आखाजी. धुरपदाबाईला हृदयाच्या गोळ्या चालू होत्या, आणि महाराजांकडे तिनं नंबर लावला होता.

आबांनी डॉक्टरचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. धुरपदाबाईनं ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

“तुमना कोनता शबद आजलगुन खरा निंघना? मगरले बिडी पाजी तुम्ही! माले मनी आंडेर दखनी शे. मी जासू.”

आंडेर म्हणजे मुलगी. आबांनी जन्मभर थापा मारल्या, कोणाचं काही बिघडलं नाही; आता खरं सांगावं तर घरचंच माणूस मानेना. रात्रभर ते कुशी बदलत राहिले. खरं बोलून भागत नसेल, तर जे येतं तेच करावं.

आखाजीला सकाळी घागर पुजून दोघं गोदामात गेली. आबांनी डॉक्टरला आधीच निरोप दिला होता. ती एका हवालदाराला घेऊन दाराशी उभी राहिली. आत गर्दी दाटलेली. महाराज पाला टाकण्याआधी प्रत्येकाच्या पितराला हाक मारत. आबा बायकोच्या पुढे घुसले आणि धाय मोकलून रडू लागले.

“महाराज! माझा धाकटा भाऊ, कौतिक! ऐन तारुण्यात गिरणेनं नेला हो!”

महाराजांनी डोळे मिटले. “आला! ओल्या कपड्यांनी उभा आहे. कपाळाला खोक आहे. म्हणतो, दादा, तू मला विसरलास!”

“कपाळालाच लागलं होतं हो!” आबांनी आणखी सूर लावला. बायका डोळे पुसू लागल्या.

“थांबा!” मागून आवाज आला. धुरपदाबाई उभी राहिली होती. “कौतिक कोन? अहो, तुमले भाऊ कव्हय व्हता? लगीन करी आनू तव्हयपासून आपला घरमा मीच घागरी भरस. सासरा, सासू, मनी मोहिनी. कौतिकनी घागर आपला घरमा कव्हय भरी?”

खान्देशात बाई एक वेळ स्वतःचं वय विसरेल, पण आखाजीला कोणाकोणाची घागर भरायची ते विसरत नाही. बायकांच्या माना एकेक करून महाराजांकडे वळल्या. जो जन्मलाच नाही, तो ओल्या कपड्यांनी आला कुठून?

“आधी धूर घ्या!” महाराज ओरडले. “धुरात कौतिक दिसेल!”

“घेऊ की,” आबा म्हणाले, “पण आज मान तुमचा.” त्यांनी उपरण्यानं घमेल्याचे कान धरले आणि ते उचलून थेट कूलर आणि महाराज यांच्या मधोमध ठेवलं. मग पाल्याच्या थैलीत हात घातला, वळलेली मूठ निखाऱ्यांवर धरली. “बघा हं, भरपूर टाकतो.”

“अरे टाकू नको!” महाराज आसनावरून उडाले. “एवढ्यानं माणूस मरतो!”

आबांनी मूठ उघडली. रिकामी होती.

महाराज दाराकडे पळाले ते हवालदाराच्या पोटावर आपटले. माहेनूर आत आली. थैली ताब्यात घेताना तिनं सगळ्यांना पाल्यावरचा फवारा, कोरी तपासणी, हिलालचे झटके असं सारं साध्या शब्दांत सांगितलं. कोणी टाळी वाजवली नाही. मागची पोरं, जी रोज घरच्या आगारीसाठी पुडी न्यायला येत आणि ती मिळाली नाही की घामाघूम होत, ती खाली बघत राहिली. तिनं त्यांनाच सगळ्यात आधी, ही सवय सोडवायला, दवाखान्यात बोलावलं. पुढे अहवाल आला, तो तिच्या म्हणण्यासारखाच.

“…आणि मग काय सांगू!” हॉटेलात आबा आता रंगात आले होते. “महाराज हवालदाराच्या हातून निसटला! मी तो कूलर उचलला, असा खांद्यावर घेतला, आणि त्याच्या मागे थेट दीपनगरपर्यंत…”

“खोटं!” धुरपदाबाई कडाडली.

सगळं हॉटेल खो-खो हसलं. कोणीतरी म्हणालं, “मग अक्का, बाकीचंही तसंच म्हणायचं का?”

“नही. कूलर जागचा हालना नही. तुमना आबा दारमाच बसी गयतात. तेवढंच खोटं.” तिनं पिशवी उचलली. “बाकी बठ्ठं खरं शे. मी तठे व्हतू. मोहिनी कोनताच धूरमा येवाव नही. तिनी घागर मी दरसाल पानीनी भरसू. आनि तुमले कोनी हुंगाले दिधं ना, तर त्याले म्हना: आधी तू हुंग.”