चार दात

"पाठीवर काटा होता आणि तो तुटला, एवढंच लिहायचंय तुला," धाकटी म्हणाली. थोरलीच्या प्रयोगशाळेत ती पहिल्यांदाच आली होती, आणि बस म्हटलं तरी बसली नव्हती.

टेबलावरच्या ट्रेमध्ये माशाचं डोकं आणि सोललेलं कातडं होतं. धाकटीच्या गाळ्यामागच्या कचऱ्यातून अन्ननिरीक्षकाने ते सकाळी उचलून आणलं होतं. त्या गाळ्यावरचा मासा खाऊन एक शिंपी इस्पितळात पडला होता. आधी ओठ बधिर झाले, मग हातपाय. आता श्वाससुद्धा यंत्रावर चालला होता. मासा कोणत्या कुळातला, हे ठरवणं थोरलीचं काम. गाळा बहिणीचा आहे, असं तिने निरीक्षकाला सांगून पाहिलं होतं. "मासा तर बहीण नाही ना तुमची? मग लिहा," म्हणाला तो.

"काटा तुटला तरी बुंधा राहतो," थोरली म्हणाली. "इथे बुंधाच नाही. आणि हे बघ." तिने चिमट्याने ओठ मागे सारला. "वर दोन, खाली दोन. चारच दात, चोचीसारखे जुळलेले. पाठीवर काटा असलेला, खायचा मासा वेगळा; त्याचे दात सुटे असतात. हा फुगा मासा आहे. विषारी."

"मला मासे शिकवतेस? मी मासळीत हात घालून पोट भरते. तू बाटलीत भरून पगार घेतेस."

"मग एवढंही दिसलं नाही तुला?"

"बाबा गेल्यापासून पाण्यात पाहतेस मला. गाळा मला मिळाला ना!"

"गाळा मला नकोच होता."

"तेच तर म्हणते. वास यायचा ना तुला आमचा?"

थोरलीचं डोकं फिरलं. "धंदा करायची अक्कल नसेल तर सुरी कशाला धरावी माणसाने? तिकडे त्या शिंप्याची बायको इस्पितळाच्या दारात बसलीय!"

"मी नाही सोलला तो," धाकटी म्हणाली. "आईने सोलला."

थोरलीच्या हातातला चिमटा ट्रेवर वाजला. "आईचा हात चुकत नाही."

"साखरेने बोटं मेलीत तिची. काटा आहे की नाही, हाताला कळत नाही. परवा सुरी लागली, रक्ताची धार. मी ओरडले तेव्हा कळलं तिला."

"आणि तरी तू तिला सोलायला बसवतेस?"

"उठवून बघ की! एकदा उठवलं, तर भिंतीकडे तोंड करून बसली. घास घेईना. तू कधी आलीस बघायला?" धाकटीने पदराने तोंड पुसलं. "लिही आता. आईचं नाव घालून लिही."

ती दार आपटून गेली.

थोरलीने पुन्हा ओठ उचलला. चार दातांचे पाच होणार नव्हते. तिने कुळाचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि कागद पाठवून दिला.

संध्याकाळी ती बाजारात पोचली, तेव्हा गाळ्याला सील लागलं होतं. धाकटी उरलेला बर्फ गटारात ओतत होती. थोरलीला पाहून तिने टोपली मुद्दाम अलीकडे कलती केली. थोरलीचे बूट भिजले. ती हलली नाही.

आई बाहेर उलट्या पेटीवर बसली होती.

"निरीक्षकाला मी सांगितलं, हात माझा होता म्हणून," आई म्हणाली. "दात किती होते?"

"चार."

"जुळलेले?"

"हो."

"मग दुसरं काय लिहिणार होतीस?" आवाजात माया नव्हती. "पण आधी घरी यायचं होतंस. मला विचारायचं होतंस. परक्या माणसाच्या तोंडून ऐकवलंस."

"शिंपी वाचेल म्हणतात," थोरली म्हणाली.

तो वाचलाही पुढे, पण बाजारातल्या त्या जागी दुसऱ्याच कुणाची पाटी लागली.

त्या संध्याकाळी मात्र तिघींना यातलं काही ठाऊक नव्हतं. धाकटीने मासे कापायचा पाट काखेत मारला. आई शटरला धरून उठू लागली. थोरलीने हात पुढे केला. आईने तो बाजूला सारला आणि आपल्या बळावर उभी राहिली.

दोघी निघाल्या. थोरली चार पावलं मागून चालू लागली. तिला कुणी ये म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.