सहावा प्रश्न

सहाव्या प्रश्नापाशी भावनाचं पेन थांबलं नाही. पाचव्याला थोडं अडलं होतं, कारण त्यात झोपेबद्दल विचारलं होतं. सहावा अगदी सरळ होता. ‘जवान घरी असताना त्याच्या वागण्यामुळे कुटुंबातील कोणाला इजा झाली आहे का?’ तिने ‘नाही’च्या चौकोनात खूण केली, खाली सही ठोकली आणि कागद टेबलावरून पुढे सरकवला.

“झालंसुद्धा?” सायमा खतीब म्हणाली. ती या शिबिराची समुपदेशक होती. “ताई, घाई नाहीये हं. जेवायला अजून वेळ आहे. पुन्हा एकदा वाचा.”

“वाचलं मॅडम. सगळं ठीक आहे.”

“सहावासुद्धा?”

“हो ना. उलट हे आले की आमच्या घरात सण असतो.”

सायमाने चष्मा काढून ओढणीला पुसला. “त्यांचा कागद आणि तुमचा कागद एकाच पाकिटात युनिटकडे जातो. त्यांनी काय लिहिलंय ते मला सांगता येत नाही. म्हणून पुन्हा विचारते.”

“विचारा की,” भावना हसली. “उत्तर तेच येणार.”

हवालदाराची बायको म्हणून बारा वर्षं काढल्यावर उत्तर तेच येतं. लग्नानंतर पहिल्यांदा क्वार्टरमध्ये राहायला गेली तेव्हा शेजारच्या सुभेदारीणबाईंनी तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. झोपलेल्या फौजीला हात लावून उठवायचं नाही, दारातून नाव घेऊन उठवायचं. आणि साहेबलोकांनी काहीही विचारलं तरी ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचं. कागदावर एक वाकडी ओळ गेली की मेडिकल कॅटेगरी खाली येते, कॅटेगरी खाली आली की बढती जाते. सुशांतचं नाव यंदा नायब सुभेदाराच्या यादीत होतं.

शिबिर प्रबळगडाच्या पायथ्याशी होतं. पनवेलहून गाडीने तासभर. सीमेवरून सुट्टीवर आलेल्या दहा जवानांना एक ट्रस्ट इथे सात दिवस ठेवून घेई. मोबाईल नाही, वर्दी नाही, हाक मारताना हुद्दा नाही. सकाळी डोंगर चढायचा, दुपारी ओढ्याकाठी गप्प बसायचं, संध्याकाळी गोल करून बोलायचं. सातव्या दिवशी घरच्यांना बोलवायचं आणि जवानांनी स्वतःच्या हाताने त्यांना जेवू घालायचं. सुशांतला युनिटच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. इथला अहवाल पाहून त्याला पुढच्या चौकीवर न्यायचं की इस्पितळात, ते ठरणार होतं.

भावना बाहेर आली तेव्हा मोकळ्या शेतात जाळ बसत आला होता. उपड्या मडक्याभोवती निखारे होते आणि सुशांत उकिडवा बसून काटकीने ते सारखे करत होता. अंगात साधा सदरा, पायांत चपला. शिबिराचा स्वयंपाकी महादेव, इथल्याच वाडीतला, लांब उभा राहून विडी ओढत होता.

“बसा ताय,” महादेव म्हणाला. “साहेबांनीच लावलीय पोपटी. वालाच्या शेंगा यांनीच भरल्या, भांबुर्ड्याचा पालापन यांनीच आनला. आमी नुसतं बगतो.”

“नुसतं बघत नाही, शिव्याही देतो,” सुशांत म्हणाला. “परवा माझी करपली तर म्हणाला, असा नेम धरता काय तिकडं?”

“मंग? खोटं बोललो काय? दोन मडकी फोडलीत तुमी.”

सुशांत हसला. मोठ्याने, दात दिसतील असं. भावनाने हे हसू लेकीच्या, आभाच्या, बारशानंतर पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, झालं, सात दिवसांत माणूस जागेवर आला. खूण बरोबर चौकोनात पडली.

सुशांतने मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र झालं. फडक्याने धरून त्याने मडकं सुलटं केलं, शेंगा केळीच्या पानावर ओतल्या, एक सोलून तिच्यापुढे धरली. महादेव दुसऱ्या जाळाकडे गेला.

“आभा नाही आणलीस?”

“शाळेत सराव आहे तिचा. शेजारी कुमुदवहिनींकडे ठेवलंय.”

“बरं केलंस.” त्याने दुसरी शेंग सोलली. “भावना, इथे मी चार रात्री सलग झोपलो. चार.”

“हवा चांगली आहे.”

“हवेचं नाही गं. सांगून टाकलं म्हणून. कागदावर सगळं लिहिलं मी. आभाच्या हाताचंही.”

भावनाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रोडपालीचं त्यांचं घर स्टील मार्केटच्या जवळ. दिवसभर तिथे ट्रकमधून लोखंडी पत्रे आदळत असतात. सवयीने बाकीच्यांच्या ते ध्यानातसुद्धा येत नाही. दुपारी सुशांत झोपला होता. चहा झाला म्हणून सात वर्षांची आभा बापाला उठवायला गेली आणि तिने त्याच्या पायाला हात लावला, नेमका त्याच वेळी पत्रा आदळला. झोपेतच त्याने तो हात धरून पिरगळला. मनगट दोन ठिकाणी मोडलं. इस्पितळात भावनाने जिन्यावरून पडली म्हणून सांगितलं. आभाने शाळेतही तेच सांगितलं, न शिकवता.

“लिहिलं, मला इस्पितळात ठेवा,” सुशांत सांगत होता. “इतक्यात माझ्या हातात रायफल देऊ नका. बढती गेली तर गेली.” मग त्याने तिच्याकडे पाहिलं. “तू काय लिहिलंस?”

तिने शेंग पानावर ठेवली.

“भावना?”

“सगळं ठीक आहे म्हणून लिहिलं. अहो, नेहमी तेच तर... तुम्हीच म्हणायचात.”

तो ओरडला नाही. पानावरच्या शेंगांतला जळका पाला वेचून बाजूला करत राहिला. “म्हणायचो खरं,” म्हणाला. “खा. गार होतील.”

ती धावतच कचेरीत गेली. सायमाने तिचं ऐकून घेतलं आणि तिला शिबिराच्या प्रमुखांकडे नेलं. ते निवृत्त मेजर होते. पाकीट त्यांच्यापुढेच होतं, बंद केलेलं.

“साहेब, मी चुकीचं लिहिलं. मला दुसरा कागद द्या.”

“देतो. अधिकार आहे तुमचा,” मेजर म्हणाले. “पण एक विचारतो, बुरा मत मानना. मधल्या अर्ध्या तासात मिस्टरांशी बोललात?”

“हो.”

“तीच अडचण आहे. पहिला कागद फाडायची परवानगी मला नाही. दोन्ही जाणार, वेळ टाकून. वाचणारा काय म्हणेल? चौकी चुकवायला नवरा-बायकोने ठरवून लिहिलं. अशी पन्नास प्रकरणं येतात त्याच्याकडे.”

“पण मुलीचा हात मोडलाय, साहेब! इस्पितळाचे कागद आहेत.”

“त्यात काय लिहिलंय?”

भावना खाली बसली. जिना लिहिला होता. तिच्याच सहीने.

“सर, मी माझी टिप्पणी जोडते,” सायमा म्हणाली. “सविस्तर.”

“जोडा,” मेजर म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. “मीही जोडतो.”

दुसरा कागद भावनाने सावकाश भरला. सहाव्या प्रश्नाखाली दोनच ओळींची जागा होती, म्हणून ती मागच्या बाजूला गेली. अक्षर बारीक होत होत पान भरलं. सायमाने तो पाकिटाला टाचला.

आठ दिवसांनी युनिटमधून फोन आला. सुशांत उभा राहून बोलला, “जी साहब, समझ गया, जी,” आणि फोन ठेवला.

“काय म्हणाले?”

“जवान आणि कुटुंब यांच्या निवेदनांत मेळ नाही. सध्या फिट धरलंय. सोमवारी हजर व्हायचं. तिथून चौकी.”

“मी येते. साहेबांना भेटते तुमच्या. आभालाही घेऊन—”

“नको. तिला काय विचारतील? आधी खोटं बोललीस की आता?” तो समजावल्यासारखं बोलत होता. “तुझं काही चुकलं नाही. तुला जे शिकवलं ते तू केलंस. मलाही तेच शिकवलं होतं.”

रविवारी दुपारी जेवणं झाली. ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती. आभा बाहेरच्या खोलीत चित्र रंगवत बसली होती, बरा झालेला हात मांडीवर ठेवून, डाव्या हाताने. सुशांतने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग आतल्या खोलीत जाऊन पडायला निघाला. दारात थांबला.

“भावना. आभा घरात आहे. बाहेरून कडी लाव.”

“अहो, काहीतरीच काय?”

“लाव. दोन तास पडतो. उठलो की हाक मारेन.”

त्याने आतून दार लोटलं. तिने कडी सरकवली, आवाज न करता. आतून त्याने एकदा दार ओढून पाहिलं, मग आणखी एकदा, जोर लावून. कडी पक्की बसली होती. मग कॉट करकरली. भावना पाटावर बसून, दाराला पाठ लावून, त्याचा श्वास संथ होतोय का ते ऐकत राहिली.