तलावाच्या पाळीवरचा रडारचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात तुमचा चेहरा दिसणार नाही. ॲल्युमिनियमचे तीन पत्रे काटकोनात जोडून नागपूरच्या एका कारखान्यात मला घडवलं. केशोरीजवळच्या एका गावात, तलावाच्या मातीच्या पाळीवर मी आभाळाकडे तोंड करून उभा होतो. इथले लोक पाळीला पार म्हणतात.

मला इथं प्रेरणानं आणलं. ती याच गावची, उपग्रहांच्या चित्रांचा अभ्यास करणारी. तिचे काका उदाराम पाणी समितीचे अध्यक्ष. तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला. मला पाहून ते म्हणाले, "हा डब्बा काऊन गाडून राहिली वं पोरी?"

"काकाजी, वरून रडारवाला उपग्रह जाते," प्रेरणा म्हणाली. "साध्या कॅमेऱ्याले उजेड लागते. ढग आले का तो आंधरा. रडार सोताच लहरी सोडते. त्या ढगातून आरपार येतेत अना जमिनीले लागून वापस जातेत. शांत पान्यावरून त्या दुसरीकडे घसरतेत, म्हनून चित्रात तलाव कारा दिसते. धानाच्या बांध्या भुरकट. हा डब्बा मात्र लहर आली तशी वापस फेकते. त्याचा पांढरा ठिपका."

"ठिपक्याचं का करशीन?"

"पार खचली, का तो सांगन."

उदाराम हसले. "आमच्या पुरख्यायची पार खचत नाही."

ती लहर जेमतेम तीन बोटांएवढी लांब असते. मी जरासा जरी खाली गेलो, तरी तिला यायला-जायला थोडं जास्त अंतर पडतं आणि तिचा चढउतार आधीच्याशी जुळत नाही. पलीकडच्या टेकडीच्या खडकावर माझा जुळा भाऊ आहे. त्याची लहर जुळली आणि माझी जुळली नाही, तर समजायचं की पाळ हलली.

सुरुवातीला शाळेची मुलं मला पाहायला आली. मग सगळे विसरले. शेळ्यांनी अंग घासलं. तलावात मासे धरणाऱ्या रुख्मानं माझ्यावर जाळी वाळत घातली. पाला, शेवाळ, चिखल माझ्या मांडीत साचला आणि पाणी निघून जायचं तळाचं भोक बुजलं.

मग एका साली श्रावणात पाऊस उघडेना. तलाव काठोकाठ भरला. पाळीखालच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, बायका रोवणी करत होत्या, त्याच्याही खाली रुख्माची टोली, तिची वस्ती होती. आणि माझ्या पायाखालची माती सरकू लागली. मला ते कळत होतं, ओरडता येत नव्हतं. उपग्रह आला, लहर आली आणि माझ्या मांडीतल्या पाण्यावरून भलतीकडेच निसटली.

शहरात चित्र पाहून प्रेरणानं रुख्माला फोन केला. "मावशी, ठिपकाच दिसून नाही राहिला. डब्ब्यात का भरलं हाये, पाहा ना!"

रुख्मा भर पावसात आली. "माह्याच जाऱ्यायचा कचरा हाये बापा," असं पुटपुटत तिनं दोन्ही हातांनी चिखल उपसला, काडीनं भोक मोकळं केलं. पुढच्या फेरीला लहर आली, तेव्हा मी ती सरळ परत फेकली.

दुसऱ्या दिवशी प्रेरणा चिंब भिजून उदाराम आणि रुख्मासोबत पाळीवर उभी होती. "काकाजी, पार बसून राहिली! खडकावरचा डब्बा जागीच हाये, हा खाली गेला. तुडूम खोला." तुडूम म्हणजे तलावातलं पाणी सोडायचं दार.

"पानी सोडलं तं पुढं धानाले का पाजू?" उदाराम कडाडले. "अना तुहा ठिपका चुकला तं?"

"चुकला तं मले गावात तोंड दाखवता येनार नाही. पन मी चूप राहिली अना पार फुटली तं?"

उदारामांनी रुख्माकडे पाहिलं. सोडलेल्या पाण्यासोबत तिचे मासेही जाणार होते.

"मासोऱ्या पुढच्या साली येतीन, भाऊ," रुख्मा म्हणाली. "खोला."

उदाराम स्वतः पाण्यात उतरले. दार निघालं तसं पाणी गर्जत नहरात घुसलं. प्रेरणानं बांध्यांतल्या बायकांना वर बोलावलं, रुख्मा टोलीत धावली. पाणी हळूहळू उतरत होतं, माती भराभर सरकत होती. आधी पाणी उतरेल की पाळ फुटेल, तेच कळेना.

दिवस मावळण्याआधी पाळीचा तो भाग मला घेऊन घसरला. मी चिखलात पालथा पडलो. काही दिसेना. लोंढ्याचा आवाज येईल म्हणून वाट पाहत राहिलो. पण पाणी त्याआधीच पाळीला पडलेल्या भगदाडाच्या खाली उतरलं होतं. वरून फक्त उदारामांचा आवाज आला, "सगरे हायेत का?"

"सगरे हायेत, भाऊ," टोलीकडून रुख्मा ओरडली.

त्या साली काही बांध्या पाण्यावाचून वाळल्या. उदारामांची सर्वांत मोठी बांधी त्यांतच होती. उन्हाळ्यात पाळ नव्यानं बांधली, तेव्हा मातीची पहिली टोपली त्यांनी टाकली आणि नव्या आरशाची जागाही त्यांनीच दाखवली. माझा एक पत्रा वाकला आहे, म्हणून मी आता समितीच्या खोलीत असतो.

मित्रांनो, तुमच्याही गावात पाऊस मोजणारं, नाहीतर नदीची पातळी सांगणारं काहीतरी मुकाट उभं असेल. ते तुमच्याशी बोलणार नाही. येता-जाता तुम्हीच त्याची विचारपूस करत जा.