पडली ती सायकल

चिमाजीचं आणि त्याच्या पोराचं भांडण माझ्या सायकलच्या दुकानासमोर झालं, म्हणून मला त्याची सगळी हकिगत ठाऊक आहे. नाहीतर दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही. निघोज्याच्या फाट्यावर ज्याचं दुकान आहे त्याला नाक खुपसावं लागतच नाही. लोकच आपापल्या भानगडी घेऊन येतात आणि हवा भरता भरता सांगून जातात.

आषाढ लागला होता. त्याआधी वळवाच्या पावसानं चिमाजीला कंपनीच्या वाटेवर गाठलं होतं आणि वाऱ्यानं तो सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत गेला होता. गुडघा सोलला, एवढंच. पण ही बातमी शहरात, वाकडला पोचली आणि रविवारी सुजित, म्हणजे त्याचा एकुलता एक पोरगा, गाडी घेऊन हजर झाला. चिमाजी तेव्हा माझ्याकडं ब्रेकचे गुटके बदलायला बसला होता.

"अण्णा, बास झालं आता," सुजित गाडीतून उतरता उतरताच म्हणाला. "साठीला आलात. त्या कंटेनरच्या रस्त्यावर सायकल चालवायचं वय आहे का हे? आमच्याकडं चला. एक खोली रिकामीच पडलीय."

"माझी नोकरी हाय."

"कसली नोकरी अण्णा? कंपनीतलं गवत कापता तुम्ही."

"मंग? बापानं गवत कापायलाच शिकीवलंय मला. दुसरं काय कापू?"

मी हसलो तर सुजितनं माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट्यानं पाना हुडकू लागलो. तशी पोराची काळजी काही खोटी नव्हती. त्यानं बापाला स्कूटरसुद्धा घेऊन दिली होती. पहिल्याच दिवशी चिमाजी ती घेऊन शेजारच्या अंबूबाईच्या उकिरड्यात शिरला. तेव्हापासून स्कूटर गोठ्यात उभी आहे आणि तिच्यावर कोंबड्या बसतात.

शेवटी बापलेकांचा करार झाला. या पावसाळ्यात चिमाजी एकदा जरी पडला, तर सायकल भंगारात आणि चिमाजी वाकडला. नाही पडला, तर सुजित पुन्हा विषय काढणार नाही. चिमाजीनं ग्रीस लागलेला हात पुढं केला. पोरानं तो दोन बोटांनी धरला आणि मग रुमालाला बोटं पुसली. जाताना तो अंबूबाईला सांगून गेला, "काकू, लक्ष ठेवा. अण्णा पडले की मला फोन करायचा." अंबूबाईला असं काम मिळालं म्हणजे तिला दुसरं काही लागत नाही.

आता कुणी म्हणेल, वाकडला जायला काय झालं होतं? सून वर्षाली काही वाईट नाही. बायको गेल्यावर चिमाजी आठवडाभर तिकडं राहून आला होता. परत आला तेव्हा मी विचारलं, "कसं काय वाटलं?" तर म्हणाला, "उद्धवा, तितं पाऊस दिसतो पन वाजत न्हाई. काच हाय ना. दिवसभर त्या काचंतनं बघायचं, आन् सांजच्याला पोरं आली का आपुन खोलीत जायाचं."

पण इथं तरी काय होतं त्याला? चार खोल्यांचं घर आणि त्यात एकटा चिमाजी. सकाळी भाकरी थापायची, निम्मी डब्यात घ्यायची आणि उरलेली रात्री दुधात कुस्करून खायची. आपला हात जगन्नाथ. कुणाशी बोलावं म्हणून तो माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि नीट असलेली चेन मला पुन्हा पुन्हा बघायला लावायचा.

पूर्वी असं नव्हतं. कंपन्या नव्या आल्या तेव्हा आमच्या गावातून सकाळी सायकलींची रांग निघायची. घंट्या वाजायच्या, थट्टा चालायची. मग एकेकाकडं मोटरसायकल आली. कुणाला कंपनीची बस मिळाली. शेवटी चिमाजी आणि भीमराज एवढे दोघंच राहिले. या दोघांची एक रीत होती. पावसाळ्यात कंपन्यांकडं जाणाऱ्या म्हाळुंग्याच्या रस्त्याला समोरून वारा असतो, तो असा की पायडल मारून माणूस जागच्या जागी. म्हणून दोघं वारा वाटून घ्यायचे. अर्ध्या वाटेवरच्या वडापर्यंत भीमराज पुढं, चिमाजी त्याच्या आडोशाला. वडापासून चिमाजी पुढं. पुढच्यानं पाऊस तोंडावर घ्यायचा आणि मागच्यानं बोलत राहायचं, असं ठरलेलं. मग भीमराजला त्याचा लेक थेरगावला घेऊन गेला. आता सगळा वारा एकट्या चिमाजीला. एकदा मला म्हणाला, "वाऱ्याचं काय न्हाई रं. पन मागनं कोन बोलत न्हाई त्याचं वाईट वाटतंय."

तर करार झाला आणि गावाला एक विषय मिळाला. चिमाजी फाट्यावरून जाताना लोक हटकायचे, "काय चिमाजी, उभा हायेस का?" आणि तो म्हणायचा, "हाय की." पोरानं दिलेला रेनकोट तो घालत नसे. वाऱ्यानं त्याचं शीड होतं आणि सायकल ओढली जाते, असं त्याचं म्हणणं. डोक्यावर प्लास्टिकच्या गोणीची खोळ, मोबाइल दुधाच्या पिशवीत घालून वर रबर लावलेलं, आणि डबा हँडलला. खड्डा दिसला की उतरायचा. कंटेनर मागून आला की उतरायचा. चिखल दिसला की सायकल खांद्यावर. इतका जपून तो जायचा, की सायकलीपेक्षा पायीच जास्त चालायचा. पण पडला नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. गणपती बसले तरी चिमाजी उभाच.

आणि भाद्रपदात तो पाऊस आला. रात्रीपासून धो धो लागला होता. सकाळी माझ्या दुकानाच्या पत्र्यावर असा वाजत होता, की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. चिमाजी निघाला तेव्हा मी ओरडून म्हणालो, "आज दांडी मार." त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. हात वर करून गेला.

पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं. कंपन्यांच्या अलीकडं रस्त्याखालची मोरी तुंबलेली. रस्त्यावर पाणी आणि पाण्यात कंटेनरची ही रांग. बाजूनं जायला जागा नाही. चिमाजी थोडा वेळ थांबला. मग त्याला वाटलं, मागच्या पांदीनं, जुन्या गाडीवाटेनं जावं. ती पांद आता कुणी वापरत नाही. दोन्ही अंगांना कंपन्यांच्या भिंती आहेत आणि मध्ये बाभळी माजल्यात. पण ती ओढ्यावर जिथं उतरते तिथं खाली कातळ आहे. आमच्या लहानपणी सगळ्या गावाच्या बैलगाड्या तिथूनच पलीकडं जायच्या. कितीही पूर येऊ दे, त्या कातळावर पाणी गुडघ्याच्या वर कधी आलं नाही. चिमाजीनं बापाबरोबर शंभरदा गाडी घातली असेल तिथून.

कातळ आहे म्हटलं ते चुकलं. होता. उन्हाळ्यात पाइप टाकायला मशीन आणून तो फोडला आणि चांगला पुरुषभर खोल चर खणून तसाच ठेवला. आणि गंमत अशी, की हे चिमाजीला ठाऊक होतं. दुपारच्या सुट्टीत तो तिथं उभा राहून बघत होता. मशीनवाल्या पोराला त्यानं प्यायला पाणीसुद्धा दिलं होतं. पण गढूळ पाणी वरून सगळीकडं सारखंच दिसतं, आणि पाऊस डोळ्यांत असला की माणूस डोळ्यांनी चालत नाही, सवयीनं चालतो. बिनघोर सायकल हातात धरून तो पाण्यात उतरला. तिसऱ्या पावलाला खाली काही नव्हतंच.

एक बाभळीची फांदी हाताला लागली म्हणून तो वर आला. काटे तळहातात घुसले, एक चप्पल गेली, डबा गेला. सायकल मात्र त्यानं सोडली नाही.

दुपारच्या आत तो माझ्या दुकानासमोर उभा राहिला. छातीपर्यंत चिखल. सायकलचं पुढचं चाक पापडासारखं वाकडं, हँडल भलतीकडं. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "सायकल पडली."

"आन् तू?"

"मी उभाच व्हतो."

मी त्याच्या छातीवरच्या चिखलाकडं बघितलं आणि म्हटलं, "बरं." चाक काढून घेतलं आणि पंक्चर बघायचं घमेलं त्याच्यापुढं सरकवलं. तो त्यात हात धुवायला बसला.

"उद्धवा," तो हळूच म्हणाला, "अंबूवयनीनी बघितलं तर संपलं."

नाव काढायला आणि अंबूबाई छत्री घेऊन यायला एकच गाठ पडली. तिला तो येताना दिसला असणारच, त्या बाईला गावातलं सगळं दिसतं. छत्री मिटून ती आत आली, चिमाजीला खालीवर बघितलं आणि बाकड्यावर बसली.

"काय भावजी, कुटं गेल्ता आंगुळीला?"

"सायकल पडली, वयनी."

"पडले तरी नाक वर," ती म्हणाली. मग पदरानं त्याच्या कानामागचा चिखल पुसला, लहान पोराचा पुसावा तसा. "भ्याऊ नगा. म्या काय फोन करायची न्हाई."

चिमाजीनं वर बघितलं.

"आसं काय बघताय? तुमी वाकडला गेल्याव म्या रातच्याला कुनाच्या खोकल्यानं जागी व्हऊ? भिंतीपल्याड कुनीतरी खोकलंय म्हनून तर घरात मानूस हाय आसं वाटतंय मला."

एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं आणि पावसाकडं बघत बसली. चिमाजीच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदा रंग आला. पावसाळा आता सरत आलेला. बघणारे आम्ही दोघंच, आणि दोघंही गप्प बसणारे. चिमाजी जिंकला होता.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. दुधाच्या पिशवीत तो कोरडा राहिला होता. चिमाजीचे हात ओले, म्हणून पिशवी मीच काढली. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर कायम चालूच असतो. मी हिरवं बटण दाबून फोन त्याच्या तोंडापुढं धरला.

"अण्णा, ड्युटीवर आहात का?" सुजितचा आवाज.

चिमाजीनं आमच्याकडं बघितलं. "व्हय. जेवायची सुट्टी झालीया."

"बरं. एक सांगायचं होतं. वर्षालीच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्या आता आमच्याकडंच राहतील. त्या रिकाम्या खोलीत त्यांची सोय केलीय. म्हणजे ते आपलं बोलणं झालं होतं ना, तुम्ही इकडं यायचं... ते आता राहू दे. तसंही तुम्हाला यायचं नव्हतंच."

"व्हय. मला कुटं यायचं व्हतं."

"मनाला लावून घेऊ नका."

"न्हाई लावत."

"सायकल चालवा तुम्ही. फक्त जपून."

अंबूबाईनं मला डोळ्यानं खुणावलं, सुटला एकदाचा. मीही मान हलवली. चिमाजीला जे पाहिजे होतं ते न मागता मिळालं होतं. सायकल राहिली, नोकरी राहिली, घर राहिलं. मी फोन बंद करायला बोट पुढं नेलं, तर त्यानं ओल्या हातानं माझं मनगट धरलं.

"सुजित," तो म्हणाला.

"हां अण्णा."

"पडलो रं मी आज."

पलीकडं कुणीतरी हसत होतं, ऑफिसात असेल. "कुठं?" सुजितनं विचारलं.

"वढ्यात. पार छातीपातुर गेल्तो. फांदी घावली म्हनून आलो वर."

"लागलं का?"

चिमाजीनं तळहात बघितला. काटे अजून तसेच होते. "न्हाई," तो म्हणाला. "तसं लागलं न्हाई."

"मग ठीक आहे. अण्णा, माझी मीटिंग सुरू होतेय. जपून जा. ठेवतो."

फोन बंद झाला. चिमाजीनं हात सदऱ्याला पुसले, सदराच ओला होता, तरी पुसले. माझ्याकडून फोन घेऊन तो पिशवीत घातला, पिशवीचं तोंड पिळलं आणि रबर गुंडाळत बसला. मी वाकड्या चाकाच्या तारा आवळू लागलो.

रबर लावून झाल्यावर चिमाजी म्हणाला, "लई काळजी करतंय पोरगं. सारकं ईचारत व्हतं, कुटं लागलं, किती लागलं."

तो फोन पार रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. अंबूबाईनं पदर सारखा केला.

"ईचारनारच की," ती म्हणाली. "पोटचं पोर हाय."

"व्हय," मी चाकावरची मान वर न काढता म्हणालो. "म्याबी आयकलं."